मच्छीमार संस्था आणि सरकार : विश्वास कुठून सांधायचा? (नागपूर आणि पूर्व विदर्भ)

तलावकाठ

मासेमारीला सरकारी मदत म्हटलं की नागपुरातसुद्धा चर्चा थेट कोकणात जाते. डिझेल परतावा, बंदरं, पर्ससीन. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण पूर्व विदर्भात साडेसहा हजारांवर मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, पेंच, इटियाडोह, गोसेखुर्दसारखे जलाशय आहेत आणि त्यावर जगणारा ढीवर, भोई, कहार, केवट समाज आहे. त्यांच्या सहकारी संस्थांबद्दल कोणी सविस्तर लिहीत नाही.

कागदावर मदतीची कमी नाही. २०२० ची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०,०५० कोटींची. तिच्याखाली २०२४ मध्ये ६,००० कोटींची उपयोजना आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. तरी नवीन योजना गावात आली की संस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, "यात आपलं काय जाणार?"

हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो का पडतो आणि काय केलं तर पडणार नाही, हे मला नीट समजून मांडायचं आहे. मत्स्यव्यवसाय विभागाला द्यायचं एक निवेदन तयार करतोय. माझं मत असं की भांडण धोरणावर कमी आणि बीज उतरवण्याच्या, तुडुम (तलावाचं पाणी सोडायचं दार) उघडण्याच्या, पंचनाम्याच्या दिवशी काय होतं त्यावर जास्त आहे. म्हणून विनंती, जे तलावाच्या पाळीवर उभं राहून तपासता येईल तेच लिहा. पक्षांचं राजकारण दुसऱ्या धाग्यावर.

---

बोटुकली

मग बीजापासूनच सुरू करा भाऊ. जवळपास सगळ्या कटकटीचं मूळ तिथंच आहे.

कागदावर "बोटुकली" लिहिलेलं असतं आणि पिशवीतून मत्स्यबीज निघतं. फरक लहान नाही. मत्स्यजिरे (नुकतीच निघालेली पिलं) ५ ते ८ मिलिमीटर, मत्स्यबीज साधारण २० ते २५, अर्धबोटुकली ५० पर्यंत, बोटुकली त्याच्या पुढे. ज्या तलावात मरळ आहे तिथं ८० ते १०० मिलिमीटरच्या खालचं काहीही सोडलं तर ते मरळीच्या पोटात. अनुदान मच्छीमाराचं, पाहुणचार मरळीचा.

दुसरं मोजणीचं. चाळीस पिशव्या गुणिले अमुक नग असं पावतीवर लिहून सही घेतात. तसं नको. पिशव्या आल्या की संस्थेच्या माणसाने स्वतःच्या मर्जीने कुठल्याही तीन उचलायच्या, पुरवठादाराने काढून दिलेल्या नव्हे. त्या हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) रिकाम्या करायच्या, भोकाच्या वाटीने मोजायच्या. एका वाटीतले नग हाताने मोजा, मग वाट्या मोजा. तीन पिशव्यांची सरासरी हीच सगळ्या मालाची संख्या. पंधरा-वीस नग पट्टीवर ठेवून लांबी लिहा. हे सगळं तासाभरात होतं, आणि पावतीवर आधी सही केली तर कधीच होत नाही.

तिसरं जगण्याचं. पाचेक पिशव्यांतून मिळून १०० नग वेगळ्या हाप्यात, २ बाय १ बाय १ मीटरच्या, सावलीत २४ तास ठेवायचे. दुसऱ्या दिवशी जिवंत मोजायचे. ९० च्या खाली आले तर तो आकडा त्याच पावतीवर लिहायचा आणि पुरवठादाराचं देयक त्या प्रमाणात. ही एक अट ठेवली तर निम्मा संशय संपेल.

---

रामटेककर

पिशव्या दुपारी बारा-एकला पोचतात, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. त्याचं काय करायचं?

---

बोटुकली

@रामटेककर, पुरवठा आदेशातच वेळ टाकायची. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर. उशीर झालाच तर पिशव्या झाडाखाली ओल्या गोणपाटावर ठेवा, पण लगेच फोडू नका. आधी बंद पिशवी तलावाच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगू द्या म्हणजे तापमान जुळतं. मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घाला, आणखी दहा-पंधरा मिनिटं. शेवटी पिशवी पाण्याखाली आडवी करा, बीज आपल्या आपण बाहेर पडतं. वरून ओतायचं नाही.

पिशवीतलं पाणी गढूळ आणि फेसाळ असेल तर बीज पॅकिंगच्या आधी उपाशी ठेवलं नव्हतं असं समजा. एक दिवस न खाऊ घालता पॅक करावं लागतं, नाहीतर प्रवासात विष्ठा कुजून अमोनिया होतो. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन असतो. फुगा ढिला दिसला तर तीच पिशवी आधी तपासा.

---

मोहफूल

बोटुकली ताई/भाऊ, उत्तम लिहिलंत. पण बीज बाहेरूनच का आणायचं? संस्थेने तलावाच्या खाली १० गुंठ्यांचं संवर्धन तळं केलं तर विभागावर अवलंबून राहणंच कमी होतं. मला वाटतं सरकारने बीज वाटण्याऐवजी हे शिकवावं.

१० गुंठ्यांचा, मीटरभर पाण्याचा हिशोब देतो. जिरे सोडायच्या तीन आठवडे आधी मोहाची ढेप (बियांचं तेल काढून उरलेली पेंड), साधारण २५० किलो. आपल्याकडे मोहाची कमी नाही. ढेपेने तळ्यातली मरळ, शिंगाडा मासा आणि बारीक रानमासळी मरते, ती मासळी खाता येते, आणि ढेप पुढे खत होते. विषाचा जोर १५-२० दिवस टिकतो. मधल्या काळात २० ते २५ किलो चुना आणि शेण. जिरे सोडायच्या आदल्या दिवशी पाण्यातल्या किड्यांसाठी तेल-साबणाचं मिश्रण, साडेपाच किलो खाद्यतेल आणि दोन किलोच्या आत साबण, वारा नसताना शिंपडायचं. वारा असेल तर तवंग एका काठाला जातो आणि किडे जिवंत राहतात. ते किडे जिऱ्यांना मारतात, आणि मग दोष हॅचरीला लागतो.

सोडायच्या आधी पाच-दहा मासे हाप्यात दिवसभर ठेवून पाहा. जगले तर पाणी सुरक्षित. मग ३ ते ५ लाख जिरे. शेंगदाण्याची ढेप आणि तांदळाचा कोंडा समसमान, पहिले पाच दिवस लाखाला रोज ६०० ग्रॅम, नंतर दुप्पट. पंधरा-वीस दिवसांत मत्स्यबीज तयार. जगण्याचं प्रमाण ३० ते ४० टक्के धरा. म्हणजे ४ लाखांतून सव्वा ते दीड लाख. हा आकडा आधी सांगत नाहीत म्हणून "बीज मेलं" अशी ओरड होते. ते मेलं नाही, तेवढंच जगत असतं.

---

वसुली_नको

मोहफूलजी, कागदावर छान. पण १० गुंठे कोणाच्या नावावर? ढीवर कुटुंबाकडे सातबारा असता तर हा धागाच नसता.

---

मोहफूल

बरोबर आहे. म्हणून पर्याय, तलावाच्या उथळ काठालाच बांबू आणि बारीक जाळीचा कुंपण-वाडा. जमीन लागत नाही, फक्त तलावाचा ठेका देणाऱ्याची लेखी परवानगी लागते. निवेदनात नेमकं हेच मागा, ठेका करारात "काठावर हंगामी संवर्धन वाडा करता येईल" हे एक वाक्य.

---

लेखापरीक्षण_सदर

सगळे विभागाकडे बोट दाखवत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. विश्वास दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे.

कित्येक संस्थांचा तलाव नावाला संस्थेचा असतो. ठेक्याची रक्कम व्यापारी भरतो, जाळी त्याची, वजनकाटा त्याचा, आणि सभासद किलोमागे मजुरीवर. अशा संस्थेला अनुदान दिलं की ते कुठे जातं हे सांगायला नको. अधिकाऱ्याने हात आखडता घेतला तर त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे.

संस्थेचं खरं-खोटं ओळखायला तीन कागद पुरेत. बँकेचा खातेउतारा, मासळी आवक नोंदवही आणि वार्षिक सभेचं उपस्थितीपत्रक. ठेक्याच्या हप्त्याच्या दोन दिवस आधी एकाच खात्यातून तेवढीच रक्कम येत असेल तर तो उसना ठेका. आवक वहीत तारीख, सभासदाचं नाव, माशाची जात, किलो आणि दर नसेल तर ती वही नंतर एका बैठकीत लिहिलेली असते. शाई एक, हस्ताक्षर एक, पानाला डागही नाही. माशांजवळची वही अशी राहत नाही.

तारखा पाळा. लेखापरीक्षण ३१ जुलैच्या आत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. या दोन चुकल्या की संस्था थकबाकीदार नसूनही कागदोपत्री कमजोर ठरते आणि ठेक्याच्या वेळी दुसरा दावेदार तेच पान उघडतो.

---

वसुली_नको

व्यापारी येतो कारण जूनमध्ये घरात धान्य आणि हातात जाळं त्याच्याच उचलीवर येतं. त्याला हाकलायचं तर उचलीला पर्याय द्या. संस्था प्रामाणिक की अप्रामाणिक हा प्रश्न त्यानंतर येतो.

आणि पर्याय आहे. ४ फेब्रुवारी २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने मच्छीमाराला किसान क्रेडिट कार्ड मिळतं. तलाव स्वतःचा असावा अशी अट नाही, भाडेपट्ट्याचा चालतो. व्याज ७ टक्के, वेळेवर भरलं तर ४ टक्के पडतं. २ लाखांपर्यंत तारण नाही. तरी शाखेत पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. मग माणूस परत व्यापाऱ्याकडे.

उपाय साधा आहे. संस्थेचा ठेका करार, सभासद यादीचा साक्षांकित उतारा आणि मासेमारी परवाना एकत्र जोडून गटाने अर्ज करायचा, एकेकट्याने नाही. मत्स्यव्यवसाय कार्यालयाने शाखेला एका पानाचं पत्र द्यायचं की हा करार परिपत्रकात बसतो. तोंडी नकार आला तर लेखी मागायचा. लेखी नकार द्यायला शाखा सहसा तयार नसते, आणि मग अर्ज पुढे सरकतो.

---

लेखापरीक्षण_सदर

उचलीबद्दल सहमत. फक्त एक अट, कर्ज सभासदाच्या खात्यात जावं, संस्थेच्या नाही.

---

वैनगंगा_मोरणा

नागपूरकरांनी आपल्या शहराचा वाटा पण पाहावा. नाग नदी पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत. त्याच्या खाली गोसेखुर्दचा जलाशय. म्हणजे महालापासून धरमपेठपर्यंतचं सांडपाणी ढीवरांच्या जाळ्यात जातं. जलपर्णी वाढते ती त्या खतावर. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा, कोराडी वीज केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख कोलार आणि कन्हानपर्यंत गेली. अशा वेळी सरकारी मदत म्हणजे भरपाई, आणि भरपाई अडते ती पुराव्यावर.

मासे मेले की लोक फोटो काढतात, व्हॉट्सॲपवर टाकतात, अधिकारी तिसऱ्या दिवशी येतात. तोवर पाणी बदललेलं, मासे कुजलेले. प्रयोगशाळा म्हणते कारण स्पष्ट होत नाही.

पहिल्या चार तासांत काय करायचं ते प्रत्येक संस्थेला माहीत हवं. वेळ लिहा. प्राणवायू कमी झाल्याने मासे मेले तर ते बहुधा पहाटे मरतात, मोठे आधी मरतात, तोंड उघडं आणि कल्ले पसरलेले असतात. विषाने मेले तर वेळेचं बंधन नसतं आणि लहान आधी जातात. कोणती जात किती, वजनासह लिहा. पाण्याचे नमुने तीन ठिकाणचे घ्या, जिथून पाणी येतं तिथला, जिथे मासे मेले तिथला आणि जिथे मासे ठीक आहेत तिथला. हा तिसरा कोणी घेत नाही, आणि तुलना त्याच्याशीच असते.

प्राणवायूसाठी काचेची ३०० मिलिलिटरची बाटली, बुडबुडा राहू न देता बुडवून भरायची, तिथेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड प्रत्येकी १ मिलिलिटर घालून बूच लावायचं. हे जागेवर केलं नाही तर नमुना वाया गेला. मरू घातलेले पाच-सहा मासे वेगवेगळ्या पिशवीत बर्फात ठेवा, गोठवू नका. कुजलेला मासा काही सांगत नाही.

या दोन रसायनांच्या बाटल्या आणि चार काचेच्या बाटल्या, एवढी पेटी प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या संस्थेकडे विभागाने ठेवावी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने संस्थेने घेतलेला नमुना पंचांसमोर घेतला असेल तर स्वीकारावा. बीजाच्या एका खेपेपेक्षा कमी खर्च आहे.

---

सेमिनरी_हिल्स

वरच्या पोस्टला भर. माफसुचं (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय नागपुरातच आणि मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला. बाटल्या, रसायनं आणि प्रशिक्षण यासाठी मुंबईकडे पाहायची गरज नाही. विद्यार्थ्यांना हंगामात पाच-सहा संस्थांना नेमून द्यावं, बीजमोजणीला तिसरा साक्षीदार म्हणून. त्यांचा कोणाशी हिशोब नसतो, म्हणून त्यांचा आकडा दोन्ही बाजू मानतील.

---

बोटुकली

+१. हे निवेदनात हवंच.

---

झाडीपट्टी

बीज-बीज चाललंय, पण तलावच बिघडला असेल तर १०० मिलिमीटरची बोटुकली सोडून काय होणार?

मामा तलावांत बेशरम (पाणकाठचं रानझुडूप) माजलाय. तो नुसता कापला तर खोडातून पुन्हा फुटतो. मुळासकट उपटायचा, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर, आणि पाण्याच्या रेषेपासून लांब नेऊन वाळवायचा. ओल्या मातीत पडलेला तुकडा पुन्हा रुजतो. उपटलेली जागा रिकामी ठेवली तर दोन पावसांत परत येतो, म्हणून तिथे गाद, चिला, देवधान अशी आपली पाणवनस्पती लावायची. अर्जुनी मोरगाव भागात ढीवरांनीच हे काम केलं आहे. देशी मासे वाढतात ते या झाडोऱ्यात, अंडी त्यालाच चिकटतात.

आता सरकारी मदतीचं. गाळमुक्त धरण योजनेत यंत्र येतं आणि जिथे सोपं तिथे खणतं, म्हणजे काठावर. काठ उभा होतो. उथळ भाग गेला की वनस्पती गेली, पाणपक्षी गेले, अंडी घालायची जागा गेली. गाळ मधून काढा, तुडुमाच्या समोरचा डोह खोल करा म्हणजे मे महिन्यात मासळीला आसरा राहील. काठाचे उतार तसेच ठेवा. कंत्राटदाराला घनमीटरवर पैसे मिळतात, त्याला काठ आणि मध्य सारखाच. म्हणून खणायची जागा संस्थेने चुन्याने आखून द्यावी आणि त्या नकाशावर संस्थेची सही असल्याशिवाय काम सुरू होऊ नये.

---

पाटकरी

डोहाचा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण खरी टक्कर धानाशी आहे. मामा तलाव बांधले गेले ते धानासाठी, आणि शेतकऱ्याचा हक्क कोणी नाकारत नाही. पण ऑक्टोबरमध्ये शेवटचं पाणी देताना तुडुम पूर्ण उघडलं की तलाव तळाला लागतो आणि तीन महिन्यांनी विकायची मासळी आठवड्यात मातीमोल दराने काढावी लागते.

इथं पैसे नकोत, पट्टी हवी. तुडुमाशेजारी दगडावर रंगाने पातळीच्या खुणा आणि त्यातली एक लाल, हिच्या खाली पाणी नेताना संस्थेला सात दिवस आधी कळवायचं. ग्रामपंचायत, पाणी वापरणारे शेतकरी आणि मच्छीमार संस्था यांनी पावसाळ्याआधी बसून ती लाल रेघ ठरवायची आणि ठरावात लिहायची. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे जलसंपदाकडे, ठेका आणखी कोणाकडे. पाणी सोडणारा आणि ठेका देणारा एकमेकांना पत्र लिहीत नाहीत, त्याचा फटका तिसऱ्याला.

---

तलावकाठ

पाटकरीजी, लाल रेघ सात दिवस की पंधरा? सातमध्ये मोठ्या तलावाची मासळी निघेल?

---

पाटकरी

२० हेक्टरच्या आत सात पुरतील. मोठ्याला पंधरा. व्यापाऱ्याशी दर ठरवायला पण वेळ लागतो, घाईत विकणाऱ्याला दर मिळत नाही.

---

जाळेवाली

अनुदानाच्या टक्केवारीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मत्स्य संपदेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के. आता ढीवर, भोई, कहार, केवट महाराष्ट्रात भटक्या जमाती ब मध्ये. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा समाज सर्वसाधारण गटात मोजला जातो, ४० टक्क्यांत. हे बऱ्याच जणांना अर्ज भरल्यावर कळतं.

६० हवे असतील तर बाईच्या नावाने अर्ज. पण मग नुसतं नाव नको. कितीतरी संस्थांच्या सभासद यादीत बायका नाहीतच. मासे विकतात त्या, टोपलं डोक्यावर त्यांच्या, हिशोब तोंडी त्यांच्याकडे, आणि संस्थेत मत नाही. संस्थेने आधी पोटनियमाप्रमाणे विक्रेत्या बायकांना सभासद करावं, मग अर्ज. नाहीतर बर्फपेटी बाईच्या नावावर आणि चावी दुसऱ्याकडे.

बर्फपेटीसह मोटारसायकलची योजनेतली किंमत ७५,००० रुपये, तीनचाकीची ३ लाख. गावातल्या बाईला मोटारसायकलीपेक्षा बसथांब्यापर्यंत टिकणारी चांगली पेटी आणि तालुक्याला बर्फ लागतो. उन्हाळ्यात मासळी आणि बर्फ एकास एक. तळाला बर्फ, मग मासळीचा थर, पुन्हा बर्फ, पेटीला खाली पाणी निघायला भोक. वितळलेल्या पाण्यात मासा पोहत राहिला की सालं ढिली होतात आणि गिऱ्हाईक शिळा म्हणून दर पाडतं.

---

भोईपुरा

ताई अगदी बरोबर. भोईपुऱ्यात (नागपूरच्या मासळी बाजारात) आंध्रची मासळी दोन दिवस प्रवास करून येते आणि शंभर किलोमीटरवरच्या तलावाच्या रोहूपेक्षा कडक दिसते, केवळ बर्फामुळे. चवीत आपली कटला सरस, पण चव शिजवल्यावर कळते, दर आधी ठरतो.

---

रामटेककर

विषयांतर होईल, पण पेंचबद्दल? राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे, तरी जाळी पडतात, वनरक्षक आणि मच्छीमार यांच्यात चकमकी होतात. तिथं विश्वास कसा येणार?

---

वनहक्क_वाचक

@रामटेककर, पेंचच्या मध्य प्रदेशच्या बाजूचा निकाल जरूर वाचावा. उद्यान क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले होते, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने रद्द न करता कडक अटी आणि देखरेख घातली.

राष्ट्रीय उद्यानाच्या आतला प्रश्न अवघड आहे, बाहेरच्या वनक्षेत्रातले तलाव मात्र सोपे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पादन यांचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. अडचण अशी की ढीवर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून त्यांना इतर पारंपरिक वननिवासी या नात्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मालगुजारीच्या काळातले निस्तार हक्काचे (गावाच्या वहिवाटीच्या वापराचे) कागद, जुन्या शाळेचे दाखले, वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात. हा दावा ग्रामसभेत करायचा, कार्यालयात नाही. तो मंजूर झाला की दर पाच वर्षांनी ठेक्यासाठी दार ठोठावायची वेळ येत नाही.

---

पिंजरा_मत्स्य

जलाशयातल्या मासे वाढवायच्या पिंजऱ्यांवर माझं मत वेगळं आहे. लोक म्हणतात बाहेरच्यांनी बळकावले. काही ठिकाणी खरं असेल, पण मूळ अडचण भांडवलाची. ६ बाय ४ बाय ४ मीटरच्या पिंजऱ्याची योजनेतली किंमत ३ लाख. ४० टक्के अनुदान धरलं तर एका पिंजऱ्याला स्वतःचे १ लाख ८० हजार, दहा पिंजऱ्यांना १८ लाख. आणि हे फक्त सांगाडा आणि जाळीचं. पंगस मासा एक किलो वाढायला साधारण दीड किलो खाद्य खातो. दहा टन मासळीला पंधरा टन खाद्य, आणि पैसे शेवटी. अनुदान काम झाल्यावर तपासणीनंतर येतं. मच्छीमार संस्था इथेच गळते.

पिंजरे हवेत तर पहिलं वर्ष दोनच द्या, खाद्यासाठी खेळतं भांडवल त्याच मंजुरीत द्या. आणि जागा मे महिन्याच्या पातळीवर ठरवा. चार मीटर जाळी आणि तिच्याखाली किमान तीन मीटर मोकळं पाणी, म्हणजे सर्वांत कमी पातळीला सात मीटर. पावसाळ्यात पाहणी करून ठरवलेली जागा उन्हाळ्यात चिखलात बसते.

---

झाडीपट्टी

पिंजऱ्यातून पंगस सुटला तर? जाळी फाटतेच. देशी मासळीच्या डोहात त्याला मोकळं रान नको.

---

पिंजरा_मत्स्य

मामा तलावात पिंजरा मागतच नाही. फक्त मोठ्या जलाशयात, तेही दुहेरी जाळी आणि दर पंधरा दिवसांनी पाण्याखाली उतरून तपासणी करून.

---

विमा_खिडकी

जाळ्यात जीव जातो, त्याबद्दल लिहायला हवं. गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर अडीच लाख, रुग्णालयासाठी २५ हजार. हप्ता पूर्ण सरकार भरतं. तरी दावे अडतात, कारण नाव यादीत अपघाताच्या आधी गेलेलं नसतं. संस्थेने दर वर्षी एप्रिलमध्ये यादी पाठवून पोच घ्यावी आणि ती पोच संस्थेच्या फलकावर लावावी. बुडून मृत्यू झाला तर पोलीस नोंद आणि शवविच्छेदन टाळू नका. दुःखात घरचे लोक शरीर फाडू नका म्हणतात, ते समजण्यासारखं आहे, पण त्या दोन कागदांशिवाय ५ लाख येत नाहीत. हे सांगायचं काम संस्थेच्या सचिवाने त्याच वेळी, हळुवारपणे करावं.

मासेमारी बंद असण्याच्या महिन्यांच्या मदतीचंही असंच. सभासदाचे १,५०० आणि सरकारचे ३,०००, मिळून तीन महिने दीड-दीड हजार. सभासदाचा हिस्सा वेळेत जमा झाला तरच. तो हंगामात दर महिन्याला थोडा थोडा कापून ठेवा, मे महिन्यात मागितला तर कोणाकडेच नसतो. आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी करून घ्या. आधारवरचं नाव आणि संस्थेच्या यादीतलं नाव एकच असू द्या, आडनावातला एक काना वेगळा असला तरी अर्ज अडकतो.

---

तलावकाठ

सगळ्यांचे आभार. निवेदनाचा मसुदा असा करतोय, चुकलं असेल तर सांगा.

बीज सूर्योदयाच्या आत किंवा सूर्यास्तानंतर उतरेल. संस्थेने निवडलेल्या तीन पिशव्या मोजून सरासरी काढली जाईल, साक्षीला मत्स्य विज्ञान महाविद्यालयाचा विद्यार्थी. २४ तासांच्या हाप्याचा आकडा पावतीवर आल्याशिवाय देयक निघणार नाही. तुडुमाजवळ लाल रेघ, २० हेक्टरपर्यंत सात आणि त्यावर पंधरा दिवसांची लेखी सूचना. गाळ काढायची आखणी संस्थेच्या सहीने. मोठ्या जलाशयांच्या संस्थांकडे पाणी नमुना पेटी. ठेका करारात काठावरच्या संवर्धन वाड्याचं वाक्य. बँकेसाठी एका पानाचं पत्र. आणि संस्थांच्या बाजूने आवक वही जागेवर, पावतीपुस्तकासह, विक्रेत्या बायकांना सभासदत्व.

---

लेखापरीक्षण_सदर

आवक पावती तीन प्रतींत करा. एक सभासदाकडे, एक संस्थेकडे, एक महिन्याच्या शेवटी विभागाकडे. सभासदाच्या हातात प्रत असली की वही नंतर लिहिता येत नाही.

---

जाळेवाली

विक्रीला नेताना बाईच्या हातात पण एक प्रत हवी. चार करा.

---

बोटुकली

आणि निवेदन बीजाचे पुरवठा आदेश निघायच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच द्या. जुलैत दिलं तर अटी पुढच्या वर्षी लागतील. हाप्याच्या अटीत "सावलीत, वाहत्या बाजूला, कमीत कमी ६० सेंटिमीटर पाण्यात" एवढं जोडा, नाहीतर पुरवठादार म्हणेल तुमच्याच हाप्यात मेलं.

---

तलावकाठ

जोडतो. पावती चार प्रतींत, हाप्याची खोली ६० सेंटिमीटर. रविवारपर्यंत पूर्ण मसुदा इथेच टाकतो, पाटकरीजींनी लाल रेघेच्या ठरावाचा नमुना लिहून दिला तर त्यासोबतच जोडता येईल.